बाळंतिणीची विचारपूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका निवृत्त परिचारिकाबाईंनी केलेले भाषण)



 माझे बहुतेक आयुष्य यवतमाळ जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांतून गेले. त्यामुळे भाषणे करण्याची मला सवय नाही. सवय आहे ती घरोघर जाऊन चार गोष्टी सांगण्याची. आजही तसेच सांगणार आहे. विषय आपल्या सर्वांच्या घरातला आहे. बाळ जन्माला आल्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्याच्या आईच्या प्रकृतीकडे कोणी आणि कसे पाहावे, एवढाच तो विषय.

बाळ झाल्याची बातमी कळली की आपण काय विचारतो? मुलगा की मुलगी? वजन किती? रडले का लगेच? कोणावर गेले आहे? पाचवीला, बारशाला घर माणसांनी भरून जाते. बाळाला काजळ-तीट होते, त्याचे वजन होते, लशी टोचल्या जातात, त्या तारखा कार्डावर लिहिल्या जातात. हे सगळे व्हावयासच पाहिजे. पण त्याच खोलीत बाजेवर आणखी एक जीव पडलेला असतो. नऊ महिने ज्याने ओझे वाहिले आणि मरणाच्या दारातून जो परत आला, त्याला बहुधा एकच प्रश्न विचारला जातो: “दूध येते ना पुरेसे?” म्हणजे तोही प्रश्न बाळाचाच!

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. आयुर्वेदाने सूतिकाकाल दीड महिन्याचा मानला आहे. आजचे वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस धरते. बाळंतपणाच्या कारणाने झालेला मृत्यूही सरकार या ४२ दिवसांपर्यंत मोजते. तिन्ही हिशेब किती जवळ आले पाहा! या दिवसांत बाईचे शरीर नाजूक असते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. पण पुढे सव्वा महिना सोवळ्या-ओवळ्यापुरता उरला आणि त्यातली काळजी मागे पडली. ती काळजी परत आणावी, एवढीच माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, “पूर्वी बायका शेताच्या धुऱ्यावर बाळंत होत आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागत. त्यांना काय झाले?” काय झाले, ते आपल्या विदर्भातल्या गडचिरोली जिल्ह्यातच पाहिले गेले आहे. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ साली ३९ खेड्यांतल्या ७७२ बाळंतिणींची घरी जाऊन नोंद ठेविली. त्या काळी त्या भागात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. गावच्याच शिकविलेल्या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी आणि नंतरचे २८ दिवस लक्ष ठेवीत. निष्कर्ष असा निघाला, की शंभरातल्या जवळजवळ ४३ जणींना प्रसूतीनंतर काही ना काही दुखणे झाले होते. १८ जणींना स्तनांचा त्रास, १५ जणींना मागाहून झालेला रक्तस्राव, १० जणींना आतल्या अंगाचा जंतुदोष. प्रसूतीची वेळ आणि नंतरचे दिवस मिळून शंभरातल्या सुमारे ३५ जणींना डॉक्टरी उपचाराची गरज होती. पूर्वीच्या बायकांना काही होत नव्हते असे नाही. होत होते, त्याची नोंद घेणारे कोणी नव्हते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. आपल्या राज्यात २०१८ ते २० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू मोजले गेले, तर देशाचा आकडा ९७ होता. ही प्रगती लहान नाही. परंतु दवाखान्यातले दिवस दोन-तीन, आणि घरचे दिवस चाळीस! रक्तस्रावाचा सर्वांत मोठा धोका पहिल्या चोवीस तासांत असतो, म्हणून निदान ४८ तास तरी दवाखान्यात राहावे. “घरी पाहुणे यायचे आहेत” म्हणून बाळंतिणीला घाईने घरी आणू नये. आणि ताप, जंतुदोष, रक्तदाब, स्तनातील गाठी, मनाची उदासी ही दुखणी बहुधा घरी आल्यावर डोके वर काढतात. तेथे डॉक्टर नसतो, नर्स नसते; आपण असतो.

मग दुखणे लपते कसे? माझ्या पाहण्यात तीन कारणे आली.

पहिले कारण एका वाक्यात आहे. घरातली वडीलधारी बाई म्हणते, “बाळंतिणीले असं होतेच.” ताप आला, होतेच. डोके दुखते, होतेच. रडू येते, होतेच. यातले काही खरोखर होतेच. परंतु कोणते साधे आणि कोणते धोक्याचे, हे पारखल्याशिवाय हा शब्द उच्चारू नये.

दुसरे कारण लाज. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ स्त्रियांना आतल्या अंगाचा कोणता ना कोणता आजार आढळला, आणि त्यापूर्वी कधी तपासून घेतलेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. तेव्हा विचारल्याशिवाय बाई सांगणार नाही, हे धरूनच चालावे. विचारावे तेही एकांतात, पुरुषमाणसे बाहेर गेल्यावर.

तिसरे कारण आपल्या रीतीतले आहे. पहिलटकरीण माहेरी येते. तिची नोंद असते सासरच्या गावी. नेर तालुक्यातली सून घाटंजी तालुक्यात माहेरी आली, तर सासरची आशाताई म्हणते ती गावात नाही, आणि माहेरच्या आशाताईच्या यादीत तिचे नावच नसते. आईला वाटते, मुलीची सगळी व्यवस्था सासरकडून झाली असेल. दोन गावांच्या मध्ये मुलगी हरवते! यावर उपाय अगदी सोपा आहे. मुलगी माहेरी आली की त्याच आठवड्यात तिचे माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन गावच्या आशाताईकडे किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे जावे आणि नाव लावून घ्यावे. एवढ्या एका फेरीने पुष्कळ पुढचे अनर्थ टळतात.

आशाताई घरी का येते, हेही पुष्कळांना नीट ठाऊक नसते. २०११ सालापासून नवजात बाळासाठी तिच्या घरभेटी ठरवून दिल्या आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा; घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीची एक अधिक. नाव बाळाच्या काळजीचे असले तरी तिच्या कागदावर आईबद्दलचेही प्रश्न आहेत. आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते, किती घड्या बदलाव्या लागतात, ताप आहे का, स्रावाला घाण वास येतो का, असंबद्ध बोलते का, झटके आले का, स्तनाला चिरा पडल्या का. तेव्हा आशाताई आली की बाळ पुढे करून मोकळे होऊ नका. “ताई, आमच्या मुलीलाही पाहा,” असे म्हणा. आणि ती न आली तर आपण बोलावून आणा.

आता प्रत्यक्ष काय पाहावे, ते क्रमाने सांगते.

अंगावरून जाणे. पहिले तीन-चार दिवस लाल रक्त जाते, मग ते तपकिरी होते आणि पुढे पिवळट-पांढरे होत जाते. हा नेहमीचा क्रम. दिवसाला पाचाहून अधिक घड्या भिजत असतील, मोठ्या गाठी पडत असतील किंवा कमी झालेले रक्त पुन्हा लालभडक सुरू झाले असेल, तर दवाखान्यात न्यावे. तासाभरात घडी पूर्ण भिजत असेल तर कोणाच्या येण्याची वाट पाहू नये. घड्यांचे कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाजेने अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालू नये.

ताप. घरात तापमापक असावा. पारा फॅरनहाइटच्या १०० अंशांवर गेला की “दुधाचा ताप आहे” म्हणून सोडू नये, नर्सबाईला कळवावे. तापाबरोबर ओटीपोट दुखत असेल किंवा स्रावाला घाण वास असेल, तर तो सूतिकाज्वर समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १८४७ साली व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दाखवून दिले, की तपासणाऱ्यांनी हात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने धुतले तर या तापाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी होतात. बाळंतिणीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे हे तेव्हापासूनचे साधे औषध आहे. त्याला पैसा लागत नाही.

रक्तदाब. हा सर्वांत फसवा. गरोदरपणी दाब ठीक होता म्हणून नंतर वाढणार नाही, असे नाही. बहुधा पहिल्या आठवड्यात तो चढतो. कपाळ फुटावे असे डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली पोटात कळ, तोंडावर व हातांवर सूज, ही त्याची लक्षणे. यानंतर झटके येऊ शकतात. झटके आले की बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावीत बसू नये. कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये आणि तत्काळ गाडी बोलवावी. तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याच्या आत एकदा दाब मोजून घेतलाच पाहिजे.

स्तन. दूध दाटून दगडासारखे झाले तर शेकावे, बाळाला पाजीत राहावे, उरलेले हाताने काढावे. एक भाग लाल, गरम आणि ठणकणारा झाला व ताप आला, तर दवाखान्यात दाखवावे. त्या बाजूचे पाजणे आपल्या मनाने बंद करू नये; त्याने गाठ वाढते.

टाके आणि लघवी. पोटावरचे किंवा खालचे टाके लाल झाले, त्यातून पू आला, लघवीला आग झाली, लघवी नकळत झिरपू लागली, अंग खाली उतरल्यासारखे वाटले, तर सांगावयास संकोच करू नये. ही दुखणी आपोआप जातील म्हणून सोसणाऱ्या बाया पुढे वीस-वीस वर्षे सोसत राहतात.

पाय आणि श्वास. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा एकाएकी दम लागून छातीत दुखले, तर रक्ताची गाठ झाल्याची शंका घ्यावी. हे तातडीचे काम आहे.

रक्त कमी असणे हे तर घरोघरचे दुखणे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. गरोदरपणी लोहाच्या गोळ्या घेतल्या म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रसूतीनंतरही १८० दिवस रोज एक गोळी घ्यावयाची असते. ती चहाबरोबर घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. दोन्हींच्या वेळा निराळ्या ठेवाव्या.

आता रीतीभातींविषयी. आपल्या सगळ्या रीती टाकाऊ आहेत, असे मी म्हणणार नाही. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, तेलाचे मर्दन, कोमट पाण्याचे स्नान आणि मुख्य म्हणजे विश्रांती, या चांगल्या गोष्टी आहेत. मात्र लाडवांबरोबर वरण, भाजी, भाकर, दूध, आणि चालत असेल त्या घरी अंडी-मासळी, असे चार वेळचे पोटभर जेवणही पाहिजे. पाजणाऱ्या आईला गरोदरपणापेक्षाही अधिक अन्न लागते.

पण पाणी तोडण्याची चाल सोडली पाहिजे. “पाणी पिऊ नको, पोट सुटेल,” म्हणून तहानेने तिचे ओठ सुकवितात. पाजणाऱ्या आईला पाणी अधिक लागते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे, आणि ज्या बाईला तो आहे तिच्या अंगातले पाणी कमी झाले तर जीवघेण्या कळा येऊ शकतात. तिला तर पाणी तोडणे म्हणजे शत्रुत्वच. तसेच शेक-शेगडीचे. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखारे ठेवणे आणि धुरी कोंडणे हे आई व बाळ दोघांनाही घातक आहे. खोलीत उजेड आणि वारा असावा. कानाला फडके बांधा, हरकत नाही. पण दार उघडे ठेवा.

विश्रांतीचेही तसेच. कापसाच्या वेचणीचे दिवस आले की मजुरीच्या घरची बाई तीन आठवड्यांतच ओटी बांधून शेतात उतरते. कोलाम, गोंड, बंजारा वस्त्यांवर आणि आपल्या गावकुसातही हेच दिसते. तिला उपदेश करून उपयोग नाही. पोट उपदेशाने भरत नाही. तिच्या घरी चार दिवसांचा शिधा, पाण्याची एक घागर, मोठ्या मुलाला दोन तास सांभाळणे, अशी मदत शेजारणीच करू शकतात.

एक गोष्ट राहिली, ती मनाची. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येते आणि दहा-पंधरा दिवसांत ते निवळते. पण दोन आठवड्यांनंतरही मन लागत नसेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, बाळ निजले तरी तिला झोप येत नसेल, “मी मेलेली बरी” असे ती बोलत असेल, तर ते नखरे नव्हेत, आजार आहे. गोव्यात म्हापशाच्या इस्पितळात प्रसूत झालेल्या मातांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणी अशा उदासीने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि आधीच मुलगी असता पुन्हा मुलगी झाल्याचे दुःख यांचा त्याच्याशी संबंध दिसला. भगिनींनो, यातले शेवटचे कारण तर आपल्याच तोंडून निघते! दुसरी मुलगी झालेल्या घरी जाऊन “अरेरे” म्हणणारी बाई त्या बाळंतिणीच्या दुखण्यात भर घालते. तेथे पेढा मागून घ्यावा आणि आईच्या पाठीवरून हात फिरवावा. उदासी जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मनाच्या दुखण्याविषयी फुकट सल्ला मिळतो. आणि जी जिवावर उदार झाल्यासारखे बोलते तिला क्षणभरही एकटे सोडू नये.

सव्वा महिना संपताच घरात शुद्धीचे स्नान होते. त्याच आठवड्यात दवाखान्यातली शेवटची तपासणी धरून टाकावी. रक्त, रक्तदाब, टाके, गर्भाशय पूर्वस्थितीवर आले की नाही, आणि गरोदरपणी साखर वाढली असेल तर तीही. त्याच वेळी पुढच्या बाळंतपणातील अंतराविषयीही बोलावे. पाळी परत आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज खोटा आहे. दोन वर्षे तरी पुन्हा दिवस राहू नयेत. तांबी, इंजेक्शन आणि इतर साधनांची माहिती नर्सबाई देते. त्या बोलण्याला नवराही हजर असावा. हा भार एकट्या बाईचा नाही.

खर्चाची भीती बाळगू नये. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीचे उपचार, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावावा. आपल्या जिल्ह्यात पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि यवतमाळला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. हे दोन आकडे आणि जवळच्या दवाखान्याचे नाव प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण बाळंतविडा घेऊन जातोच. झबले, टोपडे, खोबरे यांबरोबर यापुढे एक तापमापक न्यावा. मंडळाच्या पैशातून पाच-सहा घेतले तर गल्लीगल्लीतून फिरविता येतील. प्रत्येक गल्लीची एक सभासद ठरवावी. तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि सहा आठवडे पुरे होताना बाळंतिणीकडे जावे आणि सहा प्रश्न विचारावे: ताप आहे का? अंगावरून किती जाते? डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का? स्तन व टाके दुखतात का? चार वेळा जेवलीस का, पाणी प्यालीस का? आणि मन कसे आहे? उत्तर खटकले तर आशाताईला बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. तपासणे, औषध देणे हे आपले काम नव्हे, ते डॉक्टर-नर्सचे. विचारणे आणि वेळेवर पोहोचविणे हे मात्र आपलेच.

आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहाच दिवस जगले. त्या दुःखातून त्या डॉक्टर होण्यासाठी समुद्रापार गेल्या आणि १८८६ साली पदवी मिळवून परतल्या. आपल्याला समुद्र ओलांडावयाचा नाही, दोन घरे ओलांडून शेजारणीच्या दारात जावयाचे आहे. पुढच्या वर्धापनदिनी मंडळाच्या अहवालात किती हळदीकुंकवे झाली, या ओळीखाली किती बाळंतिणींची विचारपूस झाली, ही एक ओळ वाचावयास मिळावी, अशी माझी इच्छा आहे.